शाळेचे फाटक आणि दप्तरी दाखल पत्रे

गडचिरोली जिल्ह्यातील एका अनुदानित आश्रमशाळेत काही काळापूर्वी जाण्याचा योग आला. निमित्त वेगळेच होते. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्रव्यवहाराची धारिका उघडी पडलेली होती आणि तिच्यातील सर्वांत वरच्या पत्राकडे लक्ष गेले. एका कामगार संघटनेचे ते पत्र होते. शाळेतील स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी आणि शिपाई यांच्याशी शाळेच्या आवारात, दुपारचे जेवण आटोपल्यावर, तासभर बोलण्याची अनुमती मिळावी, एवढीच विनंती त्यात होती. खाली संघटनेचा नोंदणी क्रमांक, दोन प्रतिनिधींची नावे आणि तारीख. पत्राच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने दोन शब्द लिहिलेले होते : दप्तरी दाखल.

उत्तर काय दिले, असे सहज विचारले. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. वनवासी मुलांसाठी वीस-बावीस वर्षे रानात काढलेला माणूस. ते म्हणाले, “उत्तर कशाला द्यायचे? उत्तर दिले की संबंध येतो. आणि तुम्हांला ठाऊकच आहे, ते लाल बावट्यावाले आहेत.” स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो, तेव्हा भांडी घासणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “आमच्या नावाचं पत्र आलं होतं म्हणते. मंग आमाले काऊन नाई सांगितलं?”

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. मुख्याध्यापकांचे ते वाक्य मात्र ओळखीचे होते. आपल्या परिवारातील, आपल्या ओळखीच्या, आपल्याला देणग्या मागणाऱ्या आणि आपण ज्यांना आनंदाने देणग्या देतो अशा कितीतरी संस्थाचालकांच्या तोंडून ते ऐकलेले आहे. शाळेत संघटना आली की शाळा बिघडली, हा सिद्धान्त आपल्याकडे इतका मुरलेला आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. हा सिद्धान्त चुकीचा आहे. तो आपल्या विचाराशी विसंगत आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तर तो सरळसरळ घातक आहे. हे स्पष्टपणे मांडणे आवश्यक झाले आहे. काहींना ते रुचणार नाही, त्याला इलाज नाही.

चंद्रपूर जिल्ह्याला संघटना नवी नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना, वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी, दुर्गापूर-ऊर्जानगरचे औष्णिक वीज केंद्र, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने. या सर्व ठिकाणी संघटनेचा पदाधिकारी फाटकावर येणे ही रोजची गोष्ट आहे. खाणीच्या तोंडाशी भगवा, लाल आणि तिरंगी असे तिन्ही झेंडे शेजारी शेजारी फडकताना या भागातील प्रत्येकाने पाहिले आहेत. तेथे व्यवस्थापक त्यांना चहा पाजतो, त्यांच्याशी भांडतो, प्रसंगी करार करतो. त्यामुळे कोळसा निघायचा थांबला नाही. पण जिवतीच्या पहाडावर चढा किंवा वैनगंगा ओलांडून पूर्वेला जा. तेथल्या शाळेत तोच पदाधिकारी एकाएकी संशयित ठरतो. कोळसा फोडणाऱ्याला संघटना चालते. पोरांना भात शिजवून घालणारीला मात्र चालत नाही. यामागचे तर्कशास्त्र एकदा कुणीतरी समजावून सांगावे.

सांगितले जाते ते असे की, शाळा हे विद्यामंदिर आहे, ते एक कुटुंब आहे, आणि कुटुंबात कसली आली संघटना? कुटुंब हा शब्द आपल्याला प्रिय आहे आणि असायलाच हवा. दत्तोपंत ठेंगडींनी औद्योगिक परिवाराची कल्पना मांडली ती याच भूमिकेतून. मात्र दत्तोपंतांनी कुटुंबाचे नाव घेऊन संघटनेला दार लावले नाही. त्यांनी संघटनाच उभी केली. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा हा वैदर्भीय माणूस. आधी इंटकमध्ये राहून त्यांनी कामगार चळवळीचे शिक्षण घेतले आणि २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघ स्थापन केला. त्या दिवशी संघाजवळ ना सदस्य होते, ना एखादी संलग्न संघटना. साम्यवाद्यांचा या क्षेत्रातील दरारा तेव्हा ऐन भरात होता. त्या काळात भारतीय मजदूर संघाच्या कार्यकर्त्याला कारखान्याच्या फाटकावर कोण उभे करीत होते? मालक तर नाहीच, आणि आधीच्या संघटनाही नाहीत. आपल्या माणसांनी फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या वसाहतीत, बैठ्या चाळीत जाऊन एकेक सदस्य मिळवला. १९८९ च्या सदस्य पडताळणीत भारतीय मजदूर संघ देशातील पहिल्या क्रमांकाची कामगार संघटना ठरला, तो या बंद फाटकांशी झुंज देऊनच. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी फाटकाबाहेर तिष्ठत दिवस काढले, त्यांनीच आज फाटकाच्या आत बसून दुसऱ्याला तिष्ठत ठेवावे, हा काळाने केलेला विनोद म्हणायचा काय?

आणि कुटुंबाचे म्हणाल तर, आपल्याकडच्या कुटुंबात घरची बाई सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवते, हे खरे. पण चांगल्या घरात तिच्यासाठी काय उरले आहे हे कुणीतरी पाहतो. आपल्या शाळांतून ते कोण पाहते?

ही माणसे कोण आहेत, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतून पोषण आहार शिजवणाऱ्या ज्या भगिनी आहेत, त्यांना कागदोपत्री ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणतात. त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळते. केंद्र शासनाने २००९ मध्ये ते दरमहा एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांसाठी. त्यानंतरची दीड दशके केंद्राचा आकडा जागचा हलला नाही. केंद्रात या काळात दोन्ही विचारांची सरकारे येऊन गेली, हे आपल्याच पाक्षिक-साप्ताहिकांतून लिहायला संकोच वाटू नये. महाराष्ट्र शासनाने स्वतःची भर घालत घालत २०२३ मध्ये हे मानधन अडीच हजारांवर नेले. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर दिवसाला शंभर रुपये झाले. सकाळी सरपण किंवा गॅस पाहायचा, तांदूळ निवडायचा, भात-आमटी शिजवायची, वाढायचे, भांडी घासायची, स्वयंपाकघर सारवायचे किंवा धुवायचे आणि मग घरी जायचे. तेंदूच्या हंगामात ही बाई पाने तोडून अधिक मिळवते, पण तेंदूचा हंगाम काही दिवसांचा असतो आणि शाळा वर्षभराची.

त्यांच्या नोकरीचा आधार काय, तर पटसंख्या. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, सव्विसाव्या मुलापासून शंभरापर्यंत दोन, पुढे प्रत्येक शंभरामागे आणखी एक, असा केंद्राचा निकष आहे. मोठ्या गावांतून या आकड्यांचे कुणाला काही वाटणार नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा या तालुक्यांतील लहान लहान गावांच्या शाळांत मात्र एक कुटुंब स्थलांतरित झाले आणि पट सव्विसाचा पंचवीस झाला की दोघींपैकी एकीचा रोजगार जातो. कुणाचा जायचा हे कोण ठरवणार? शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच, मुख्याध्यापक. जो बलवान असेल तो. नव्या समितीबरोबर स्वयंपाकीण बदलली, हे गावोगाव ऐकायला मिळते. या भगिनींना विचारा, त्यांची पहिली मागणी पैशांची नसतेच. एक लेखी आदेश द्या, आणि काढायचे असेल तर कारण सांगून काढा, एवढेच त्या म्हणतात.

शिपायांची कथा निराळी नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होतील तशी व्यपगत करून त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ देण्याचे ठरले. मुंबई-पुण्यात महिना दहा हजार, अन्य महापालिका क्षेत्रांत साडेसात हजार आणि ग्रामीण भागात पाच हजार. म्हणजे सिरोंच्याच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्याची किंमत मुंबईतल्या घंटा वाजवणाऱ्याच्या निम्मी ठरली. घंटा मात्र तेवढीच जड असते. आणि आश्रमशाळांतील रोजंदारीवरचे तिसऱ्या-चौथ्या वर्गाचे कर्मचारी? वर्षानुवर्षे तासिकेवर आणि रोजावर काम केल्यावर २०२५ साली आदिवासी विकास विभागाने पदे बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून, भरायचे ठरवले, तेव्हा ही माणसे नाशिकला आयुक्तालयासमोर बिऱ्हाड मांडून बसली. पावसात, रस्त्यावर. त्यांच्या मागण्या सर्वच्या सर्व मान्य कराव्यात असे माझे म्हणणे नाही. पण जी गोष्ट शाळेच्या ओट्यावर, प्रकल्प कार्यालयाच्या टेबलावर वेळीच बोलली गेली असती, ती शेकडो किलोमीटरवर रस्त्यावर जाऊन का बोलावी लागली?

आता कायद्याचे पाहू. कारण ‘आम्हांला बंधन नाही’ हे संस्थाचालकांचे आवडते वाक्य आहे आणि त्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. संघटना करण्याचा अधिकार राज्यघटनेने दिलेला आहे. पण दुसऱ्याच्या मालकीच्या आवारात सभा घेण्याचा अधिकार त्यात अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या खटल्यात १९६९ मध्येच सांगितले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याचा स्वतंत्र कायदा केला. त्यात मान्यताप्राप्त संघटनेला आवारात सूचनाफलक लावता येईल, वेतनाच्या ठिकाणी वर्गणी गोळा करता येईल, कामात अडथळा न आणता आपल्या सदस्यांशी आवारातच विचारविनिमय करता येईल, अशी तरतूद होती. कायदा करणाऱ्यांनी शहाणपणा दाखवला होता. मात्र मान्यतेची ही तरतूद पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेसाठी. रानातल्या एका शाळेत स्वयंपाकी, कामाठी, शिपाई, पहारेकरी सगळे मिळून पन्नास कोठून व्हायचे? मोठ्या कारखान्यातील कामगाराला जे मिळाले, ते शाळेतल्या बाईला केवळ तिची संख्या कमी म्हणून मिळाले नाही.

१९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्थांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा त्या कायद्यापुरता कामगार नव्हे, असा निर्णय झाला. स्वयंपाकी आणि शिपाई मात्र त्या निर्णयाच्या बाहेरच राहिले. पुढे औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. तिच्या व्याख्येत धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत प्रामुख्याने गुंतलेल्या संघटनांच्या संस्था उद्योगातून वगळलेल्या आहेत. म्हणजे यापुढे संस्थाचालकांच्या वकिलांना नवी पळवाट मिळाली : आम्ही परोपकारी आहोत, आम्हांला हे लागू नाही. या संहितेतील अनेक तरतुदींवर भारतीय मजदूर संघाने उघड आक्षेप घेतले होते, हे या ठिकाणी आठवावे. परोपकाराचा आधार घेऊन स्वयंपाकिणीचे म्हणणे टाळायचे, हा परोपकार कोणत्या शास्त्रात बसतो?

तेव्हा कायदा फाटक बंद ठेवू देतो. कायदा पुष्कळ गोष्टी करू देतो. आपण त्या सगळ्याच करतो असे नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देता कामा नये. आश्रमशाळा ही निवासी असते. तेथे मुली राहतात. बाहेरचा माणूस, तो कोणत्याही झेंड्याचा असो, मनाला येईल तेव्हा आत यावा आणि वाटेल तेथे फिरावा, हे कोणताही जबाबदार मुख्याध्यापक चालू देणार नाही आणि देऊ नये. वसतिगृहाच्या बाजूला पाऊल नाही, मुलांशी बोलणे नाही, चुलीवर आधण असताना स्वयंपाकघरात बैठक नाही, येण्याजाण्याची नोंद वहीत. हे सारे योग्यच आहे.

परंतु सुरक्षिततेचे नाव घेणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. २०१६ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे जे प्रकरण उघडकीस आले आणि २०१९ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातील वनवासी मुलींच्या बाबतीत जे घडले, त्यांत फाटक ओलांडून बाहेरचे कुणी आले होते काय? आरोपी आतले होते. फाटक नीट बंद होते. कदाचित फार नीट बंद होते. अशा ठिकाणी सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येते? स्वयंपाकघरातील बाईच्या, रात्रीच्या पहारेकऱ्याच्या. कोणती मुलगी जेवत नाही, कोणती रडते, कोण रात्री कोठे गेले, हे त्यांना दिसते. आणि ज्यांची नोकरी एका माणसाच्या मर्जीवर टांगलेली आहे, त्यांचे तोंड सर्वांत घट्ट बंद असते. संघटना आली म्हणजे पाप थांबते असा भाबडा दावा मी करणार नाही. पण जिला उद्या कामावरून कुणी सहज काढू शकत नाही, ती बाई आज बोलण्याची शक्यता अधिक असते, एवढे तर कळायला हरकत नसावी.

आता ‘लाल बावट्या’कडे वळू. कारण खरी भीती तीच आहे. शालेय पोषण आहार कर्मचाऱ्यांत आयटक आणि सिटू यांचे काम आहे, विदर्भात तर आयटकची परंपरा जुनी. ए. बी. बर्धन यांच्यासारखा नेता नागपूरच्या कामगार वस्तीतून वर आला. त्यांच्या विचाराशी आपला उभा दावा. पण तो माणूस साधेपणाने राहिला, हे नाकारण्यात काय हशील? प्रश्न व्यक्तींचा नाही, पद्धतीचा आहे. देशव्यापी संपाची हाक दिली जाते, मागणीपत्रात जगातल्या साऱ्या प्रश्नांचा समावेश असतो आणि त्या गर्दीत स्वयंपाकिणीचा लेखी आदेश कोठल्या कोठे हरवतो. तिला ट्रकमध्ये बसवून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले जाते, मोर्चाच्या छायाचित्रात ती दिसते, आणि त्या दिवशी तिच्या शाळेतली पोरे उपाशी राहतात. वर्गसंघर्षाच्या पोथीत या पोरांची जागा कोणती? ती मालक आहेत की भांडवलदार? पावती फाडली की पुढच्या संपापर्यंत नेता दिसत नाही, अशी तक्रारही याच भगिनींकडून ऐकायला मिळते. ‘देश के हित में करेंगे काम, काम के लेंगे पूरे दाम’ या घोषणेत आधी काम आहे आणि मग दाम आहे. हा क्रम चुकला की संघटना शाळेच्या जिवावर उठते. शाळेत येणाऱ्या कोणत्याही संघटनेला मुख्याध्यापकाने हे खुशाल बजावून सांगावे की, चूल विझवण्याचे हत्यार येथे चालणार नाही.

पण हे बजावायचे तर आधी तिला बसायला खुर्ची द्यावी लागते. ज्याचे पत्रच दप्तरी दाखल केले, त्याला तुम्ही काय अटी घालणार?

गडचिरोलीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो विसरणे म्हणजे गेल्या पंचेचाळीस वर्षांपासून काहीच न शिकणे होय. १९८० च्या सुमारास आंध्रातून प्राणहिता ओलांडून पीपल्स वॉरचे पहिले गट या रानात उतरले, तेव्हा त्यांनी प्रथम काय केले? मार्क्स वाचून दाखवला नाही. तेंदूपाने तोडण्याचा आणि कागद कारखान्यासाठी बांबू कापण्याचा दर वाढवून मागितला. ठेकेदार लुटत होता, वनरक्षक दमदाटी करीत होता, आणि गोंड-माडियांच्या वतीने मजुरीची गोष्ट बोलणारी कोणतीही सनदशीर संघटना त्या रानात पाय रोवून उभी नव्हती. ती पोकळी बंदुकीने भरली. दर वाढला आणि दराबरोबर दलम आले, खंडणी आली, खबऱ्या ठरवून केलेल्या हत्या आल्या, बंद पाडलेले रस्ते आले. त्याची किंमत या जिल्ह्यातील पोलीस जवानांनी, सरपंचांनी आणि साध्या वनवासी बांधवांनी आपल्या रक्ताने चुकवली.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. आनंदाची गोष्ट आहे. जवानांच्या पराक्रमाची आणि प्रशासनाच्या चिकाटीची ती फलश्रुती आहे. मात्र बंदूक गेली म्हणून मजुरीचा प्रश्न गेला, असे समजणे हा तोच जुना गाफीलपणा ठरेल. आता रस्ते झाले, सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाचे ट्रक धावू लागले, कोनसरीला कारखाना उभा राहिला. त्याच रस्त्याने संघटनाही येणार. आणि यावी. नोंदणी क्रमांक लिहून, नावे देऊन, मुख्याध्यापकाची अनुमती मागून, दुपारच्या जेवणानंतरची वेळ ठरवून जो माणूस येतो, तो राज्यघटनेच्या चौकटीत राहून येतो. त्याचे पत्र फायलीत पुरणारा मुख्याध्यापक नकळत त्या बाईला शिकवतो की, या चौकटीत काही मिळत नसते. नक्षलवाद्यांचा प्रचार याहून वेगळा काय होता? शहरी नक्षलवादाच्या विरोधात बोलताना आपल्यातले काही उत्साही लोक हातात पावतीपुस्तक असलेल्या प्रत्येकाला त्याच पंक्तीत बसवतात. हा उत्साह आवरला पाहिजे. ज्याला लोकशाहीच उलथवायची आहे तो मुख्याध्यापकाची लेखी अनुमती मागत बसत नाही.

मग पत्राचे करायचे काय? अवघड काही नाही. आठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे. पत्र ज्यांच्याविषयी आहे त्या कर्मचाऱ्यांना ते दाखवायचे, कारण ते मुळात त्यांचे आहे. वार, वेळ आणि जागा आपण ठरवायची. जागा व्हरांडा असेल, रिकामा वर्ग असेल, पण स्वयंपाकघर किंवा वसतिगृह नसेल. कुणी यायचे आणि कुणी नाही, हे कर्मचाऱ्यांवर सोडायचे आणि बैठकीला मुख्याध्यापकाने स्वतः जाऊन बसायचे नाही. हा मोह फार असतो! ‘मी फक्त ऐकायला आलो’ असे म्हणत साहेब खुर्ची ओढून बसले की सर्व भगिनी एकमेकींकडे पाहू लागतात आणि सभा संपते. जो नियम एका संघटनेला, तोच दुसरीला. ऑस्ट्रेलियात संघटनेच्या परवानाधारक प्रतिनिधीने चोवीस तास आधी लेखी कळवायचे आणि जेवणाच्या किंवा विश्रांतीच्या वेळेतच कामगारांना भेटायचे, असा कायदा आहे. तेथे कुणाचे आकाश कोसळलेले नाही. न्यूझीलंडच्या कायद्यात तर गंमत अशी की, संघटनेने प्रवेश मागितला आणि मालकाने दोन कामाच्या दिवसांत उत्तर दिले नाही, तर मौन म्हणजे संमती समजली जाते. आपल्याकडेही विवाहप्रसंगी ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. शाळेच्या दप्तरात मात्र मौनाचा अर्थ नेमका उलटा होतो.

पोषण आहाराच्या बाबतीत एक सबब नेहमी पुढे येते की, ‘त्या आमच्या कर्मचारीच नाहीत, त्यांना समितीने नेमले आहे.’ समिती म्हणते, मानधन शासन देते. शासन म्हणते, त्या मानसेवी आहेत. २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस एकमुखाने केली. त्या परिषदेत सरकार होते, मालक होते, सर्व रंगांच्या संघटना होत्या. त्यानंतर काय झाले हे अडीच हजारांच्या आकड्यावरून कळतेच. पण त्या कुणाच्या, हा वाद दिल्ली-मुंबईत सुटेल तेव्हा सुटेल. त्यांना भेटू द्यायचे की नाही, हा प्रश्न सोडवायला मुख्याध्यापकाची एक सही पुरते.

वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना २६ डिसेंबर १९५२ रोजी जशपूरला करणारे बाळासाहेब देशपांडे हेही विदर्भातले, अमरावतीचे. वनवासी माणूस हा आपला बांधव आहे, तो कुणाच्या दयेचा विषय नाही, या जाणिवेतून ते काम उभे राहिले. त्या बांधवाच्या मुलाला आपण शाळेत घेतो, गणवेश देतो, प्रार्थना शिकवतो, ते उत्तमच. पण त्या मुलाची आई किंवा मावशी त्याच शाळेत भात शिजवत असते. तिच्याशी आपण कसे वागतो, हे त्या मुलाला रोज खिडकीतून दिसते. समरसतेचा पाठ त्याला पुस्तकातून किती कळतो आणि या खिडकीतून किती, याचा हिशेब आपण केलेला नाही.

त्या शाळेतील धारिकेची गोष्ट अर्धीच सांगितली. मुख्याध्यापकांशी बोलताना मी म्हणालो की, समजा, लाल बावट्याचे नको असेल, तर आपल्या विचारांच्या संघटनेला तरी बोलवा; भगिनींना एक पर्याय राहील. ते काही बोलले नाहीत. उठून पाणी प्यायला गेले. मी धारिकेचे पान उलटले. खाली आणखी एक पत्र होते, तब्बल चौदा महिन्यांपूर्वीचे. मजकूर जवळजवळ तोच : जेवणानंतरची वेळ, तासभर, आवारात बोलण्याची अनुमती. शीर्षावरची संघटना आपल्याच विचारांची होती, आणि तिच्या पत्राच्या कोपऱ्यातही त्याच तांबड्या शाईत तेच दोन शब्द होते.